विश्लेषण : परशुरामांचे टपाल तिकीट... मान कोणाचा, मोहोर कोणाची?

टपाल तिकीट आकाराने दोन बोटांएवढे. पण त्यावर कोणाचे चित्र असावे हा वाद मोठा ठरतो, कारण ते सरकार छापते. हाती परशू आणि पाठीशी वेदविद्या असलेल्या परशुरामांच्या तिकिटाचा विषय म्हणूनच केवळ संग्राहकांपुरता राहत नाही.

परशुराम यापूर्वी तिकिटावर आले आहेत?

होय. टपाल खात्याने २७ जुलै २००९ रोजी कवी जयदेव यांच्या ‘गीतगोविंद’वर ११ तिकिटे काढली. त्यांतील दशावतारांमध्ये परशुरामही होते. मात्र तो मान काव्याचा होता. २०१७ मधील तिकिटांचा विषय रामायण होता, तर जानेवारी २०२४ मधील सहा तिकिटांचा अयोध्येतील राम मंदिर. एकट्या देवतेचा गौरव म्हणून तिकीट काढणे ही याहून वेगळी गोष्ट आहे.

निर्णय कसा होतो?

कोणीही भारतीय नागरिक प्रस्ताव पाठवू शकतो. सल्लागार समिती त्याची छाननी करते आणि मंजुरी सरकार देते. व्यक्तीच्या बाबतीत राष्ट्रीय महत्त्व आणि जन्मशताब्दी, स्मृतिशताब्दी यांसारखे निमित्त पाहिले जाते. देवतेला ही फूटपट्टी लागत नाही. परशुराम तर सात चिरंजीवांपैकी एक. वैशाख शुद्ध तृतीया ही जन्मतिथी आहे, पण साल नाही. स्मृतिदिनाचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे येथे सरकारची इच्छा अधिक निर्णायक ठरते.

‘माय स्टॅम्प’ म्हणजे तेच का?

नाही. ‘माय स्टॅम्प’मध्ये पैसे भरून छायाचित्र किंवा बोधचिन्ह तिकिटाला जोडून छापून घेता येते. तिकीट वैध असते, पण तो राष्ट्रीय सन्मान नसतो. स्मरणार्थ तिकीट मात्र सरकार स्वतः काढते. त्याची छपाई मर्यादित असते आणि सहसा ते पुन्हा छापले जात नाही. ‘तिकीट निघाले’ असे ऐकल्यावर म्हणूनच ते कोणत्या प्रकारचे, हे आधी पाहावे.

महाराष्ट्रात विषय नाजूक का?

समुद्र मागे हटवून परशुरामांनी कोकण वसवले, अशी श्रद्धा आहे. चिपळूणजवळचे परशुराम मंदिर कोकणवासीयांचे श्रद्धास्थान आहे. दुसरीकडे, महात्मा फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’त क्षत्रियसंहाराच्या याच कथेकडे ब्राह्मणी वर्चस्वाची कथा म्हणून पाहिले. पुढे १९७७ मध्ये टपाल खात्याने फुले यांच्यावरही तिकीट काढले. ब्राह्मण समाजासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या आर्थिक विकास महामंडळाला परशुरामांचेच नाव आहे. उत्तर प्रदेशात २०२० मध्ये समाजवादी पक्ष आणि बसप यांच्यात परशुरामांच्या उंच पुतळ्यांच्या घोषणांची चढाओढ लागली होती.

मग खरा प्रश्न कोणता?

तिकीट काढावे की नाही, एवढाच तो नाही. त्यावर काय छापले जाईल, हे महत्त्वाचे. कोकणची भूमिकथा, दशावतारांतील स्थान आणि चिपळूणचे मंदिर हा अनेकांचा समान वारसा आहे. तिकीट त्याचे असेल, तर ते साऱ्यांच्या पाकिटावर शोभेल. ते एका समाजाच्या मतांसाठी असेल, तर तिकिटावर टपाल खात्याचा शिक्का पडण्याआधीच राजकारणाचा पडलेला असेल.