आवाज गेला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका!



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, "सर, तुम्ही तर धंद्याचं शिकवता, हे कॉम्प्युटर रिपेअरिंगचं कधीपासून?" पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय धंद्याचाच आहे, आणि थेट खिशाचा आहे.

तालुक्याच्या गावात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचा मला फोन आला. आपल्या एका बॅचच्या विद्यार्थिनी. लग्नपत्रिका छापून देणं हे त्यांचं मूळ काम, पण दोन-तीन वर्षांपासून व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या व्हिडिओ पत्रिकाही करून देतात. मागे सनई, वर नावं, शेवटी कार्यालयाचा पत्ता. छापील पत्रिकेपेक्षा यात सुटणारे पैसे बरे. कॉम्प्युटर जुना, विंडोज 7 चा. आणि ऐन लग्नसराईत त्याचा आवाज गेला.

आता सनईच ऐकू येत नसेल तर व्हिडिओ पत्रिका करणार कशी? त्यांनी गावातल्या टेक्निशियनला बोलावलं. तो आला, स्पीकरची वायर हलवून बघितली आणि म्हणाला, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल." ताई म्हणाल्या, मारा. 500 रुपये गेले, अर्धा दिवस गेला. डेस्कटॉपवर ठेवलेल्या चार वर्षांच्या पत्रिकांच्या फायली गेल्या. ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप केल्या होत्या ते फॉन्टही गेले.

आणि आवाज? तो आलाच नाही.

मग त्यांनी मला फोन केला. मी एवढंच विचारलं, "ताई, आवाज जायच्या आधी कॉम्प्युटरला नवीन काही जोडलं होतं का?"

"नाही सर... हां, मॉनिटर बदलला ना. जुना फार पिवळा दिसायचा."

"वायर कोणती आहे? निळी, दोन्ही बाजूंना स्क्रूवाली?"

"नाही, चपटी आहे. टीव्हीला असते तशी."

झालं. ती एचडीएमआयची वायर. तिच्यातून चित्राबरोबर आवाजही जातो. विंडोजने नव्या मॉनिटरलाच स्पीकर धरलं आणि सगळा आवाज तिकडे पाठवायला सुरुवात केली. मॉनिटरमध्ये स्पीकरच नव्हता! फोनवरच दोन क्लिक करायला सांगितले आणि सनई वाजली. ताईंना आनंद झाला, पण पुढच्याच वाक्याला त्यांचा आवाज बसला. "सर, मग फॉरमॅट उगाचच मारला की हो."

हो, उगाचच. म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय फॉरमॅट मारणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून घर पाडणं. आणि ज्याची मशीनवर रोजीरोटी आहे, त्याला पहिली वीस मिनिटांची तपासणी स्वतःला यायलाच पाहिजे.

टेक्निशियनला शिव्या देऊ नका

तो माणूस वाईट नव्हता. त्याचं गणित वेगळं आहे. त्याला एका व्हिजिटचे ठरावीक पैसे मिळतात. तासभर कारण शोधत बसला आणि वायर सरळ करून दिली, तर तुम्हीच म्हणणार, "एवढ्याशा कामाचे 300?" फॉरमॅट मारला की काम मोठं दिसतं आणि पैसे मागायला सोपं जातं. म्हणजे घाईने फॉरमॅट मारायची सवय त्याला आपणच लावलेली आहे. शोधण्याचे पैसे आपण देत नाही, फक्त करण्याचे देतो. तुम्ही स्वतः सर्व्हिसचा धंदा करत असाल तर हे दुःख तुम्हाला चांगलं माहीत आहे.

आधी अर्धं अर्धं करा

आवाजाचा रस्ता लांबलचक असतो. सॉफ्टवेअर, मग विंडोज, मग ड्रायव्हर, मग साउंड चिप, मग मागचं भोक, मग वायर, मग स्पीकर. एकेक तपासत बसलात तर दिवस जाईल. म्हणून मधोमध उभं राहून विचारायचं, बिघाड अलीकडे आहे की पलीकडे?

विंडोज 7 मध्ये हे बघायची फार चांगली सोय आहे. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करा आणि 'प्लेबॅक डिव्हायसेस' उघडा. आता एखादं गाणं लावा. यादीतल्या नावासमोर उभ्या पट्ट्या दिसतात. त्या हिरव्या होऊन खालीवर नाचत असतील, तर विंडोज आवाज पाठवतंय, बिघाड बाहेर आहे. पट्ट्या हलत नसतील तर बिघाड आत आहे. एका मिनिटात अर्धं काम कमी झालं!

पट्ट्या नाचतायत, पण आवाज नाही

कोणत्या नावासमोर नाचतायत ते आधी बघा. हिरवी टिक ज्याच्यावर, आवाज त्याच्याकडे जातोय. टिक मॉनिटरच्या किंवा एचडीएमआयच्या नावावर असेल तर 'स्पीकर्स'वर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' दाबा. ताईंचं काम इथेच झालं. 'स्पीकर्स' हे नाव यादीत दिसतच नसेल तर रिकाम्या जागेत राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर टिक करा. चुकून बंद केलेलं असेल तर फिकट दिसेल, त्याला 'इनेबल' करा.

टिक बरोबर जागी असेल तर मोबाइलचा साधा हेडफोन घ्या आणि कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात लावा. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. झाडू मारताना वायर निघते आणि घाईत गुलाबीत जाते, हे मी स्वतः केलेलं आहे. हेडफोनमध्ये आवाज आला तर स्पीकर किंवा त्याचा अडॅप्टर गेलाय. कॉम्प्युटरला हातही लावायची गरज नाही.

पट्ट्या हलतच नाहीत

आता क्रमाने जा. क्रम मोडू नका.

1. व्हॉल्यूम मिक्सर. त्याच स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक केलं की सापडतो. विंडोज 7 मध्ये प्रत्येक चालू सॉफ्टवेअरचा आवाज वेगळा असतो. ब्राउझरचा शून्यावर आणि बाकीचा पूर्ण, असं होऊ शकतं. एकाच सॉफ्टवेअरचा आवाज येत नसेल तर आधी इथेच बघा.

2. लाल फुली. स्पीकरच्या चित्रावर लाल फुली असेल तर त्यावर क्लिक करा. विंडोज स्वतःच तपासणी सुरू करतं. नेहमी उपाय सापडतो असं नाही, पण काय म्हणतंय ते वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

3. सर्व्हिसेस. स्टार्ट बटणाच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'सर्व्हिसेस' टाइप करून उघडा. 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन ओळी शोधा. दोन्हींसमोर 'स्टार्टेड' आणि 'ऑटोमॅटिक' दिसलं पाहिजे. पहिली सर्व्हिस दुसरीच्या आधारावर चालते, म्हणून एंडपॉइंट बिल्डर आधी चालू करा. कॉम्प्युटर फास्ट करणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकली की कधी कधी हीच मंडळी बंद पडतात.

4. डिव्हाइस मॅनेजर. तेही सर्चमध्ये सापडेल. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हरची गडबड आहे. त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर' या टॅबवर जा. 'रोल बॅक' चालू दिसत असेल तर ते दाबा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. नाहीतर 'अनइन्स्टॉल' करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज साउंड चिप पुन्हा शोधतं आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फक्त 'अनइन्स्टॉल' करताना ड्रायव्हरची फाइलच डिलीट करायची टिक देऊ नका.

5. सिस्टिम रिस्टोर. कालपर्यंत आवाज होता आणि आज नाही, तर कॉम्प्युटरला परवाच्या तारखेवर नेऊन बघा. यात तुमच्या पत्रिका, बिलं, फोटो जात नाहीत. फक्त त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर निघून जातात. हा उपाय फॉरमॅटच्या आधीचा आहे, आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो.

ड्रायव्हर शोधताना एक सांभाळा. 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जे काही पॉपअप येतं, त्याच्यावर क्लिक करू नका. एक दुखणं बरं करायला जाऊन तीन नवी घेऊन याल. लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्याच साइटवर जा, मॉडेल नंबर टाका आणि विंडोज 7 निवडा. आपला विंडोज 32 बिट आहे की 64 बिट, हे 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसतं.

एवढं करून काहीच झालं नाही, तर शेवटची परीक्षा. कोणाकडून तरी उबुंटूचा पेन ड्राइव्ह मिळवा आणि कॉम्प्युटर इन्स्टॉल न करता त्याच्यावरून चालू करून बघा. तिथेही आवाज नसेल तर बहुधा साउंड चिपच गेली आहे, आणि मग दहा वेळा फॉरमॅट मारला तरी आवाज येणार नाही. अशा वेळी दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा. विंडोज 7 ला त्यासाठी बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही.

"सर, माझा वेळ महाग आहे!"

हे मला नेहमी ऐकवलं जातं. बरोबर आहे, टेक्निशियनचं सगळं काम तुम्ही करावं असं मी म्हणतच नाही. वरचं सगळं तपासायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ताईंचे 500 रुपये आणि अर्धा दिवस सोडा, त्या चार वर्षांच्या फायलींची किंमत कशी करणार? जुनं गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मोठ्या मुलीच्या लग्नात केली होती तशीच करा." आता त्यांना ती पहिल्यापासून करावी लागते.

तपासूनही जमलं नाही तर खुशाल टेक्निशियनला बोलवा. पण मग तुम्ही म्हणाल, "पट्ट्या हलत नाहीत, दोन्ही सर्व्हिस चालू आहेत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे." असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी सहजासहजी फॉरमॅट मारायला सांगत नाही. आणि त्याने शोधून काढलं, तर शोधण्याचे पैसे आनंदाने द्या.

फॉरमॅट मारायचाच झाला, तर आधी बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅट त्याच ड्राइव्हचा होतो. अकाउंटिंगचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते बघून घ्या. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, की किंवा डोंगल हाताशी आहे का ते बघा. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट गेला की नुसता अक्षरांचा चिवडा दिसते.

पण जुन्याला कवटाळूनही बसू नका

आता दुसरी बाजू. मी विंडोज 7 चा भक्त नाही. 2009 साली आलेल्या या सिस्टिमची सिक्युरिटी अपडेट्स सर्वसामान्य ग्राहकांसाठी 14 जानेवारी 2020 ला बंद झाली. क्रोमची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती 109, ती पुढे सरकत नाही. म्हणून अशा मशीनवर नेट बँकिंग, जीएसटीचं लॉगिन, ग्राहकांची आधार-पॅनची कागदपत्रं हे सगळं करणं म्हणजे दुकानाला कडी न लावता घरी जाणं. डिझाइन, प्रिंटिंग, व्हिडिओ एवढंच काम तिच्यावर ठेवा, शक्यतो इंटरनेट काढून. पैशाचं काम दुसऱ्या मशीनवर करा. आणि दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकून नवीन मशीनची तयारी ठेवा.

म्हणजे मशीन बदलायची तर ठरवून बदला. आवाज गेला म्हणून घाबरून बदलू नका.

धंद्यातही आपण हेच करतो की! गिऱ्हाईक कमी झालं की बोर्ड बदलतो, नाव बदलतो, माणूस काढून टाकतो. गिऱ्हाईक दुकानापर्यंतच येत नाही, की येऊन न घेता परत जातं, एवढं तरी आधी बघा. त्या हिरव्या पट्ट्या तुमच्या गल्ल्यासमोरही असतात.

ताईंनी आता दुकानात भिंतीवर वरच्या पाच पायऱ्या लिहून लावल्यात. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, "बॅकअप घेतला का?" तुम्हीही आजच एक पेन ड्राइव्ह घ्या आणि आधी डेस्कटॉप कॉपी करा. बाकीचं उद्या केलं तरी चालेल.