बीएसएनएलला पोर्ट केलं, सिमही बसलं, मग रेंज का येईना?

जुलै २०२४ आठवतोय का? महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. सोशल मीडियावर लोक चिडले. 'बीएसएनएल की घर वापसी' असा हॅशटॅग चालला. मीम्स आले, रील्स आले, आणि लोकांनी खरंच नंबर पोर्ट करायला सुरुवात केली. ट्रायच्या आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले, तर तिन्ही खासगी कंपन्यांचे कमी झाले.

पण पुढचा सीन बऱ्याच घरांत सारखाच होता. सिम फोनमध्ये घातलं, बसलं, फोननं ओळखलंसुद्धा. शेजाऱ्याच्या फोनवर त्याच कंपनीचं ४जी चालतंय आणि आपल्या फोनवर मात्र एकच काडी, नाहीतर थेट 'नो सर्व्हिस'. मग शिव्या कंपनीला. काही वेळा त्या बरोबरच असतात, कारण टॉवरच नसतो. पण काही वेळा टॉवर समोर उभा असतो आणि गडबड आपल्या हातातल्या फोनमध्ये असते.

विषय फक्त बीएसएनएलचा नाही. आजीच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये जिओचं सिम का चालत नाही, अमेरिकेतून भाच्यानं पाठवलेला आयफोन नाशिकमध्ये का अडतो, या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. सिम बसणं वेगळं आणि सिम चालणं वेगळं.

आधी सिम म्हणजे काय ते बघू

सिममध्ये नेटवर्क नसतं. सिम म्हणजे तुमचं ओळखपत्र. त्या चिपमध्ये एक १५ आकडी ओळख क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे कंपनीचे आणि उरलेले तुमचे. सोबत एक गुप्त किल्ली असते, जी चिपमधून कधीच बाहेर पडत नाही. टॉवर एक कोडं घालतो, सिम त्या किल्लीनं ते सोडवून उत्तर देतं. उत्तर जुळलं की आत प्रवेश.

म्हणजे सिमचं काम दारावर ओळख पटवण्याचं. पण दारापर्यंत पोचायचं काम फोनचं, त्याच्या अँटेनाचं आणि आतल्या मॉडेमचं. फोन दारापर्यंत पोचलाच नाही, तर खिशातल्या ओळखपत्राचा उपयोग शून्य.

१९९१ मध्ये जर्मनीच्या गिझेके अँड डेव्हरियंट कंपनीनं फिनलंडच्या रेडिओलिंजाला पहिली ३०० सिमकार्डं विकली, तेव्हा सिम एटीएम कार्डाएवढं होतं. मग ते मिनी झालं, मायक्रो झालं, आणि २०१२ पासून नॅनो आलं. मधल्या काळात कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे सिम कापायचं कटर असायचं, आठवत असेल. कापलेलं सिम चालायचं, कारण कापला जायचा तो प्लास्टिकचा भाग. आज दुकानात मिळणारं सिम तिन्ही मापांत तोडता येतं, त्यामुळे मापाचा प्रश्न जवळपास संपला. उरले ते चार प्रश्न, जे डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला प्रश्न : पिढी कोणती?

२००२ च्या डिसेंबरमध्ये रिलायन्सनं मोबाईल सेवा सुरू केली आणि २००३ मध्ये ५०१ रुपयांत फोन हातात दिला. ते तंत्र होतं सीडीएमए. त्या फोनमध्ये सिमच नव्हतं, नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला असायचा. कंपनी बदलायची तर फोन बदला. एअरटेल, बीएसएनएल वगैरे जीएसएमवर होते, तिथं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता यायचं. पुढे सीडीएमएची नेटवर्क बंद पडली आणि ते हँडसेट कपाटात गेले.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं. जिओनं २जी आणि ३जी उभारलंच नाही, थेट ४जीपासून सुरुवात केली. त्यामुळे नोकिया ११०० मध्ये जिओचं सिम घातलं तर तो फोन अख्ख्या गावभर फिरवा, रेंज येणार नाही. त्या फोनला २जीशिवाय दुसरी भाषाच येत नाही आणि जिओचा टॉवर ती भाषा बोलत नाही. तोच फोन एअरटेलच्या २जीवर आजही बोलतो.

यात एक उलटी भानगडही आहे. फोन ४जी, टॉवर ४जी, पण सिम २जीच्या काळातलं. तरी ४जी लागत नाही, कारण ओळख पटवायची पद्धत बदललेली असते. दहा-पंधरा वर्षं तेच सिम वापरणाऱ्यांना कंपन्या सिम बदलून घ्या म्हणून मेसेज पाठवतात, तो याचसाठी. ५जीच्या वेळी मात्र जिओ आणि एअरटेल दोघांनी सांगितलं की ४जीचं सिम चालेल.

दुसरा प्रश्न : बँड कोणता? खरी मेख इथेच आहे

जुना रेडिओ आठवा. ज्या रेडिओत मीडियम वेव्हचा पट्टाच नाही, त्यावर मीडियम वेव्हचं आकाशवाणी केंद्र लागणार नाही, कितीही नवे सेल घाला. मोबाईलचंही तसंच. प्रत्येक कंपनीला सरकारकडून लहरींचे ठरावीक पट्टे मिळतात, त्यांना बँड म्हणतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. तुमच्या फोनला ते बँड पकडता आले तरच रेंज.

आता बीएसएनएल. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बीएसएनएलसाठी ८९,०४७ कोटींचं पॅकेज मंजूर केलं आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दिल्या. बीएसएनएलनं त्यावर ४जी उभं केलं, सोबत २१०० मेगाहर्ट्झही वापरलं. म्हणजे बँड २८ आणि बँड १.

७०० मेगाहर्ट्झ ही कामाची गोष्ट आहे. या लहरी लांब जातात, भिंतींतून आत शिरतात आणि कमी टॉवरमध्ये जास्त भाग झाकतात. खेड्यापाड्यांसाठी, डोंगराळ भागासाठी याहून सोयीचं काही नाही.

पण अडचण अशी की, त्याआधी भारतात ७०० मेगाहर्ट्झवर ४जी चालवणारी एकही खासगी कंपनी नव्हती. जिओनं २०२२ च्या लिलावात या लहरी घेतल्या, पण ५जीसाठी. त्यामुळे भारतात विकायचे स्वस्त ४जी फोन बनवताना काही कंपन्यांनी बँड २८ वगळला. वापरणारं कुणी नाही, तर द्यायचा कशाला, असा साधा हिशेब. ग्राहकालाही तेव्हा काही फरक पडला नाही. फरक पडला तो पोर्ट केल्यावर.

आणि एक बारकावा. दुकानदार म्हणतो, "साहेब, हा ५जी आहे, यात सगळं आलं." नाही. ५जीचा बँड 'एन २८' आणि ४जीचा बँड 'बी २८' या दोन वेगळ्या गोष्टी. लहरी त्याच, पण फोनमध्ये दोन्हीची सोय वेगवेगळी करावी लागते. एक आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही.

तिसरा प्रश्न : इंटरनेट चालतं, फोन का लागत नाही?

४जी मुळात डेटासाठी बनलं. त्यावरून बोलायचं तर व्होल्टी लागतं. जिओच्या सुरुवातीच्या काळात व्होल्टी नसलेल्या ४जी फोनवरून बोलायला लोकांना वेगळं ॲप टाकावं लागायचं. एअरटेल किंवा व्होडाफोन आयडियावर फोनमध्ये व्होल्टी नसेल तर कॉल २जीवर उतरतो, म्हणून तिथं ही उणीव झाकली जाते.

शिवाय फोनमध्ये व्होल्टी असून भागत नाही, त्या कंपनीच्या व्होल्टीची सेटिंग फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा हेच दिसलं. लाखाचा आयफोन हातात, आत ५जीची सगळी यंत्रणा, आणि ५जी मात्र बंद. ॲपलनं डिसेंबरमध्ये अपडेट दिला तेव्हा कुठे ते चालू झालं. कुलूप हार्डवेअरमध्ये नसून सॉफ्टवेअरमध्ये होतं.

चौथा प्रश्न : फोनला कुलूप आहे का?

अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन बऱ्याचदा त्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला असतो. हप्ते फिटले, नियमांत बसलं की कंपनी तो अनलॉक करून देते. भाच्यानं न्यू जर्सीहून जुना आयफोन आईसाठी पाठवला आणि हप्ते अजून बाकी असतील, तर इथलं कुठलंही सिम त्यात चालणार नाही. हे काम तिकडूनच व्हावं लागतं, कॅम्पातल्या दुकानात देऊन उपयोग नाही. भारतातही उदाहरण आहे : जिओफोन जिओलाच बांधलेला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम. २०२५ चा आयफोन एअर तर जगभर तसाच आहे. अशा फोनसाठी इथल्या कंपनीकडून ई-सिमच घ्यावं लागतं.

मग एवढं काय बिघडलं? परत पोर्ट करू की!

इथेच लोक फसतात. नियम असा आहे की एकदा नंबर पोर्ट केला की पुढचे ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. म्हणजे चुकीच्या फोनमध्ये चुकीचं सिम गेलं तर तीन महिने तसेच काढायचे, नाहीतर नवा फोन घ्यायचा. आणि या तीन महिन्यांत त्याच नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, गॅसचं बुकिंग असतं, शेतकऱ्याचे योजनांचे मेसेज येतात, मुलांच्या शाळेचा ग्रुप असतो. महिन्याला शंभर-दीडशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला दहा हजारांचा फोन घ्यायची वेळ येते.

यात गंमत बघा. जानेवारी २०११ मध्ये नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली, तेव्हा आश्वासन होतं की ग्राहक राजा, आवडेल त्या कंपनीकडे जा. नंबर खरंच मोकळा झाला, हँडसेट झाला नाही. फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते मोठ्या अक्षरांत असतं, दुकानदारही तेच सांगतो. कोणते बँड चालतात ते कंपनीच्या वेबसाईटवर तळाला, बारीक अक्षरांत. पोर्टची विनंती घेतानाही 'तुमचा फोन आमच्या नेटवर्कवर चालेल का' हे तपासून सांगणं कुणाला बंधनकारक नाही. फोन कंपनी म्हणते आम्ही लिहिलं होतं, मोबाईल कंपनी म्हणते फोन तुमचा. मधल्यामध्ये ग्राहक.

आणि याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. महागड्या फोनमध्ये जवळपास सगळे बँड असतात. वगळले जातात ते स्वस्त फोनमध्ये. म्हणजे ज्याला स्वस्त रिचार्जची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच फोनला ते नेटवर्क सापडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन केलं, ९७ हजारांहून जास्त टॉवर सांगितले गेले. टॉवर उभारणं मोठं काम आहेच, पण त्याचा उपयोग खालच्या माणसाच्या खिशातल्या फोनवर अवलंबून आहे.

पोर्टचा मेसेज टाकण्याआधी पाच मिनिटं द्या

१. ज्या कंपनीत जायचंय, तिचं सिम असलेला मित्र गाठा. त्याचं सिम दहा मिनिटं तुमच्या फोनमध्ये घाला. घरी, शेतावर किंवा ऑफिसात, जिथे तुम्ही खरंच असता तिथे बघा. कॉलही करा आणि इंटरनेटही चालवा. यापेक्षा खात्रीची चाचणी नाही.

२. फोनचा पूर्ण मॉडेल नंबर सेटिंगमध्ये बघा आणि कंपनीच्या वेबसाईटवर ४जी आणि ५जीचे बँड वेगवेगळे तपासा. एकाच नावाच्या फोनचे भारतातले आणि बाहेरचे बँड वेगळे असू शकतात.

३. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे ना ते बघा.

४. परदेशातून आलेला आयफोन असेल तर सेटिंग, जनरल, अबाऊट इथे 'कॅरियर लॉक' बघा. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तर फोन मोकळा आहे.

५. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर आधी नव्या कंपनीचं वेगळं सिम घेऊन महिनाभर वापरून बघा. बँकेला जोडलेला नंबर सगळ्यात शेवटी हलवा.

हॅशटॅग बघून निर्णय घ्यायला एक मिनिट लागतं, निस्तरायला ९० दिवस. त्यामुळे घर वापसी करायचीच असेल तर जरूर करा, फक्त निघण्याआधी आपल्या फोनला त्या घराचा रस्ता माहीत आहे का, तेवढं विचारून घ्या.