मधाचं बोट

संध्याकाळची सातची वेळ. वडिलांनी हात धरलेत, आजीने नाक दाबलंय, आई चमचा घेऊन सरसावली आहे आणि मधोमध दोन वर्षांचे चिरंजीव घर डोक्यावर घेताहेत. शेवटी औषध जातं कुठे? थोडं पोटात, थोडं झबल्यावर आणि उरलेलं आईच्या पदरावर! मैत्रिणींनो, कुणाच्या घरी हा देखावा झाला नाही?

त्यातलं नाक दाबणं तेवढं आजपासून बंद करा. आपण नाक दाबूनच एरंडेल प्यायलो हे खरं, पण रडणारं मूल तोंडाने श्वास ओढतं आणि त्याबरोबर औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मुलाला मांडीवर बसतं धरावं, आडवं पाडू नये. ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं. जिभेला कमी लागतं, म्हणून चवही कमी कळते. तीन-चार वर्षांच्या मुलाला आधी बर्फाचा तुकडा नुसता चाटायला द्या. जीभ गारठली की कडवटपणा बोथट होतो.

मधाचं काय, असं विचाराल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका. पूर्वी गुटी मधातच चाटवत, त्यामुळे सासूबाई नाराज होतील. पण मधात कधीकधी अशा जंतूंची बीजं असतात की ती तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. वर्षानंतर चमचाभर मधात औषध कालवायला हरकत नाही. मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. गोळी कुटून द्यायची असेल तेव्हाही तसंच, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

बाटलीभर दुधात औषध मिसळण्याची युक्ती मात्र फसवी. मुलाने अर्धं दूध टाकलं तर पोटात किती औषध गेलं, हे कसं कळणार? वर ते दुधावरच रुसून बसतं. लोहाचं औषध तर दुधाबरोबर अंगीही नीट लागत नाही.

आता माझीच फजिती सांगते. माझी लेक तीन वर्षांची असताना तापाचं औषध घेईना, म्हणून मी त्याला ‘गुलाबी सरबत’ म्हणायला लागले. दोन दिवस छान जमलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात बाईसाहेब स्टुलावर चढल्या आणि फडताळातली बाटली तोंडाला लावली. बाटलीत दोन-तीन चमचेच उरले होते, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवून घरी पाठवलं. भरलेली असती तर? त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. तेव्हापासून आमच्या घरात औषधाला औषधच म्हणतात आणि ते कुलपात असतं.

खरं सांगितलं तर मूल घेतं का? पहिल्या दिवशी नाही घेत. ‘कडू आहे, दोन घोट आहेत, मग लगेच पाणी आणि गुळाचा खडा,’ एवढंच सांगावं. घ्यायचं की नाही हे विचारू नये. कपाने की चमच्याने, एवढी निवड त्याच्यावर सोडावी. घोट मोठ्याने मोजावेत आणि दोन म्हटले तर दोनच! तिसरा घोट पाजलात की उद्या पुन्हा कुस्ती.

मापाचं बघा हं. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून ५ मिलिलिटर म्हणजे ५ मिलिलिटरच, बाटलीबरोबर आलेल्या मापाने. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये तर फार जपा. आपल्याकडच्या बऱ्याच थेंबांच्या बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. सिरपच्या मापाने थेंबांचं औषध पाजलं तर दुप्पट-चौपट जातं. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचायचं आणि शंका आली तर औषधवाल्याला विचारायचं.

आणि एवढं करूनही भडभडून ओकलं तर लगेच दुसरा चमचा भरू नका. किती वेळाने ओकलं ते घड्याळात पाहून डॉक्टरांना फोन करा. झबलं नंतर धुता येईल.