बिनव्याजी सावकाराचे बेट

गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी घाटंजीहून परतताना वाटेत तक्रार ऐकवली. कापूस घरात पडून आहे, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि शिकलेली पोरे हातातल्या यंत्रावर काल्पनिक बेटे सजवीत बसली आहेत. ही अफूची नवी गोळी आहे, तिच्यावर कुणीतरी कडक लिहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही लिहावयास बसलो ते त्यांच्याच बाजूने. परंतु घरातल्या ज्या नातीला हा नाद आहे तिच्याशेजारी दोन संध्याकाळी बसल्यावर मत पालटले. सहकाऱ्यांना पुढील मजकूर काहीसा अप्रिय वाटेल, त्यास इलाज नाही.

'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा खेळ २० मार्च २०२० रोजी बाजारात आला. चार दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाले. ज्यांना घरात कोंडून घेणे परवडले त्यांनी जगभर हा खेळ विकत घेतला. आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. खेळात जिंकणे-हरणे नाही. एक ओसाड बेट मिळते, ते वसवायचे. टॉम नूक नावाचा एक गुबगुबीत प्राणी पाऊल ठेवताच ४९,८०० 'बेल्स'चे बिल हातात ठेवतो. बेल्स हे तिथले चलन. ते फेडले की घरासाठी ९८,००० चे कर्ज, मग १,९८,००० चे, आणि शेवटचे तळघर बांधून होईपर्यंत आकडा २४,९८,००० वर जातो.

म्हणजे सावकार इथेही आहेच. पण काय सावकार! व्याज नाही, तारण नाही, जामीनदार नाही, आणि मुख्य म्हणजे मुदत नाही. दहा वर्षे फेडले नाही तरी तो भेटताच हसून विचारपूस करतो. मासे धरा, शिंपले वेचा, जमेल तेव्हा द्या.

यावर कोणी म्हणेल, की आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने दिले आहे. मग तक्रार कसली? तक्रार त्या आदेशातल्या एका शब्दाची आहे : 'मुदतीत'. मुदतीत फेडले तर व्याज शून्य. बोंडअळी, अवकाळी किंवा पडलेला भाव यांना मुदत कळत नाही. एकदा तारीख चुकली की सवलत गेली, थकबाकीदार म्हणून नाव लागले, पुढच्या पेरणीला बँकेचे दार बंद झाले आणि खासगी सावकाराचे उघडले. शेतकऱ्याचा जीव व्याजाच्या दराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तारखेत अडकलेला असतो. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपविले. त्यानंतर या जिल्ह्यात जे घडत आले ते सर्वांस ठाऊक आहे. २००६ चे पंतप्रधानांचे पॅकेज झाले, २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची कर्जमाफी झाली. प्रत्येक वेळी जुनी पाटी पुसली, मुदतीची अट मात्र तशीच राहिली. एका खेळाच्या रचनाकारांना जे सुचले ते आपल्या अर्थखात्याला चाळीस वर्षांत सुचू नये?

बाजारही त्या बेटावर आहे. दर रविवारी सकाळी सलगम विकत घ्यायचे, साधारण नव्वद ते एकशेदहा बेल्सना एक. सोमवारपासून शनिवारपर्यंत दुकानातला भाव दिवसातून दोनदा बदलतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर माल सडतो. नात हे सांगत असताना आम्हांस हसू आवरेना. यवतमाळच्या पोराला हे शिकवण्यासाठी जपानी यंत्राची गरज नव्हती. पण तिथे भाव पडला तर खेळणाऱ्याचे घर जात नाही. इथे २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवून ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबविली, म्हणजे नेमकी आपली वेचणी सुरू होऊन गाड्या बाजारात लागेपर्यंत. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीचे दोष आम्ही झाकणार नाही. पण ती मोडून जे आणले त्यात सलगमाचा न्याय तेवढा आला, टॉम नूकचा नाही. (जाता जाता : २०२१ च्या सुधारणेपासून त्या बेटावर गहू पिकतो, ऊस पिकतो, कापूस मात्र नाही. तिथेही पश्चिम महाराष्ट्राचेच वजन दिसते!)

आता आराखड्याकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. या खेळाचे वेड ज्यांना लागते ते कर्जामुळे किंवा सलगमामुळे नव्हे, तर बेट एखाद्या कल्पनेभोवती घडविता येते म्हणून. कोणी जपानी खेडे उभे करतो, कोणी जंगल, कोणी बंदर. पुरेशी प्रगती झाली की डोंगर खोदण्याचे, ओढा वळविण्याचे परवाने मिळतात. आमच्या नातीने आपल्या आजोळचे खेडे उभे करावयास घेतले होते. काळी माती कुठे मिळेना, म्हणून तिने बत्तीस गुणिले बत्तीस चौकटींच्या कागदावर भेगाळलेल्या जमिनीचे चित्र स्वतः रंगविले आणि ते बेटभर अंथरले. विहीर कुठे, पार कुठे, वाट कुठून, यावर तिने चार रात्री घालविल्या. आमच्या सहकाऱ्यांना यात पलायन दिसते. आम्हांस दिसली ती योजना करण्याची भूक. १९५० मध्ये स्थापन झालेला नियोजन आयोग २०१५ च्या आरंभी मोडीत निघाला, तेव्हा कोणी फारसे रडले नाही. योजना हा शब्दच कालबाह्य ठरला, असे तज्ज्ञ सांगू लागले. आणि इकडे पोरे आपली रात्रीची झोप देऊन योजना करीत आहेत.

तथापि त्या बेटाच्या घटनेत एक कलम आहे, आणि तिथे आम्ही खेळाच्या बाजूने उभे राहू शकत नाही. एका यंत्रावर एकच बेट, आणि पूल कुठे बांधायचा, कुणाचे घर कुठे हलवायचे हे ठरविण्याचा अधिकार केवळ पहिल्याने आलेल्या 'निवासी प्रतिनिधी'ला. नातीच्या धाकट्या भावाचे घर ओढ्यापलीकडे आहे. त्याला तिथे पूल हवा होता, यंत्राने त्याचे ऐकले नाही. बेटावरच्या दहा प्राण्यांना तर काहीच विचारले जात नाही. पन्नास हजार बेल्स भरले की रहिवाशाचे घर रातोरात दुसरीकडे उभे राहते आणि तो सकाळी आनंदाने अंगण झाडतो. गाव सोडायचे तर तेही खेळणाऱ्याच्या संमतीने. बेटाला तारे दिले जातात. त्यात रहिवाशांची संख्या मोजतात, मत मोजत नाहीत. फुले, कुंपणे, बाकडी वाढविली की तारे वाढतात.

हे कलम आपल्या ओळखीचे नाही काय? पैनगंगेवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता सुमारे १,४०२ कोटी रुपये. तो पुढे दहा हजार कोटींच्या पलीकडे गेला. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतली नव्वदीहून अधिक गावे बुडितात जाण्याची टांगती तलवार त्या लोकांनी एक पिढीभर डोक्यावर वागविली आहे. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. पुनर्वसनाचे कायदे झाले, १९७६ चा, १९८६ चा, १९९९ चा. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधांची यादी झाली. यादी वाईट नाही. पण नकाशा काढताना शाळेपासून वस्ती किती लांब, गुरांची वाट कुठून, कोणत्या दोन कुटुंबांचे आयुष्य एका भिंतीवर उभे आहे, हे कोण विचारतो? चौकोन आखले जातात आणि सोडत निघते. खेळात निदान नदीचे मुख हलविता येत नाही, तेवढी मर्यादा रचनाकारांनी पाळली आहे. आमचे अभियंते त्यांच्यापेक्षा धाडसी आहेत.

दुसरी रीत शक्य आहे, आणि ती आपल्या शेजारीच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, तो एकमताने निर्णय घेण्याची सवय अंगी असल्यामुळे. आपल्याही केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या भागांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत; १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम त्यांच्या ग्रामसभेला अधिकार देतात, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट गावाकडे येतो. कागद आहे, पैसा काही प्रमाणात आहे. नाही ती आराखडा काढणारी माणसे. किंवा असतील तर ती आमच्या सहकाऱ्यांनी अफूबाज म्हणून मोडीत काढली आहेत.

एप्रिल २०२० मध्ये हाँगकाँगच्या जोशुआ वाँग या तरुण कार्यकर्त्याने आपल्या बेटावर निषेधाचे फलक लावले आणि पाठोपाठ चीनमधल्या ऑनलाइन दुकानांतून हा खेळ दिसेनासा झाला. खेळण्यातल्या बेटावरचा फलकही सत्तेला सलतो, हे त्या राजवटीला कळले. आमच्यातल्या काहींना अजून कळावयाचे आहे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गावविकास आराखडा ग्रामसेवकाच्या वहीतून वाचून मंजूर होऊ देऊ नये. गावचा नकाशा मोठ्या कापडावर काढून पारावर अंथरावा. ज्या पोरांनी बेटांवर पूल आणि वाटा आखून हात बसविला आहे त्यांच्या हाती खडू द्यावा, आणि ओढ्यापलीकडे ज्यांची घरे आहेत त्यांना आधी बोलू द्यावे. घाटंजीच्या आमच्या सहकाऱ्यांनी त्या सभेचे अध्यक्षपद घ्यावे, अशी विनंती आम्ही त्यांना पत्राने केली आहे.