एमएस, एसएस आणि संगणकातला जोड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये डोकावलात तर दोन शब्द हमखास कानावर पडतील: एमएस आणि एसएस. एमएस म्हणजे साधे कार्बन पोलाद, एसएस म्हणजे स्टेनलेस. स्टेनलेस महाग, म्हणून जिथे गंजाची भीती आहे तेवढ्या भागाला ते वापरायचे आणि बाकीचे काम एमएसमध्ये करायचे. मग या दोघांना जोडणे आलेच. हा जोड लेसरने करण्याआधी संगणकात करून बघता येतो. त्या सॉफ्टवेअरशी माझा रोजचा संबंध, म्हणून आज त्याबद्दल.

या दोन पोलादांचा स्वभाव वेगळा. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली तर एमएसची सुमारे १.२ मिलिमीटर वाढते, ३०४ जातीच्या स्टेनलेसची सुमारे १.७. उष्णता वाहून नेण्यात मात्र एमएस जवळपास तिप्पट सरस. म्हणून लेसर बरोबर मधोमध धरला तरी स्टेनलेसची बाजू जास्त वितळते. थंड होताना एक जास्त आकसते, दुसरे कमी. तो ताण जोडातच अडकून राहतो आणि पत्रा वाकतो.

सिम्युलेशनमध्ये आपण पत्र्याचे हजारो छोटे तुकडे पाडतो; जोडाजवळ बारीक, लांब गेल्यावर मोठे. दर क्षणाला प्रत्येक तुकड्यात शेजाऱ्याकडून किती उष्णता आली आणि किती गेली, याचा हिशेब संगणक ठेवतो. पण लेसरची उष्णता कोणत्या आकारात ओतायची, हे आपणच त्याला सांगावे लागते. कॅनडातले जॉन गोल्डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वेल्डिंगसाठी असा एक आकार मांडला: पुढचा अर्धा अंडाकार आखूड, मागचा लांब. तो आजही वापरतात. लेसर धातूची वाफ करत खोल, अरुंद भोक पाडतो, म्हणून तिथे बहुधा शंकूसारखा आकार घेतात.

खरी मेख इथेच आहे. शंकू किती रुंद, किती खोल, लेसरची किती टक्के उष्णता धातूने शोषली, हे आकडे खऱ्या जोडाशी जुळवून ठरवावे लागतात. एका वर्कशॉपमधल्या वयस्कर फोरमन मामांना मी स्क्रीनवरचे लाल-पिवळे चित्र दाखवले. त्यांनी नीट बघितले आणि म्हणाले, "चित्र बरं हाय ओ, पण कापून बघितलासा काय?"

अख्ख्या विषयाचा सार या प्रश्नात आहे. जोड आडवा कापायचा, घासून पॉलिश करायचा, आम्ल लावायचे. मग वितळलेल्या भागाची कड दिसते. ती चित्रातल्या कडेशी जुळली तरच चित्र खरे. आणि लेसरचा वेग किंवा पॉवर बरीच बदलली, तर पुन्हा कापायचे.

मग सिम्युलेशनचा उपयोग काय? कुठे कापायचे आणि काय बदलून बघायचे, ते कळते. जादा तार न घालता दोन्ही पोलादे निम्मी-निम्मी मिसळली, तर जोडात क्रोमियम साधारण ९ टक्के आणि निकेल ४ टक्के उरते. शेफ्लर यांच्या १९४९ च्या आलेखावर हे मिश्रण मार्टेन्साइटमध्ये पडते, म्हणजे कडक पण ठिसूळ. लेसर स्टेनलेसच्या बाजूला किंचित सरकवला की मिश्रणात स्टेनलेस वाढते आणि हा धोका कमी होतो. किती सरकवायचा, याचे दहा पर्याय संगणकात तपासून त्यातले दोनच प्रत्यक्ष करता येतात. पत्रा, लेसरचा वेळ आणि माणसांचे श्रम, तिन्ही वाचतात.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी पायथनमध्ये एक छोटा प्रयोग करा. एक सळई घ्या, अर्धी एमएस, अर्धी एसएस. मध्ये उष्णता द्या आणि दोन्हीकडचे तापमान बघा. पन्नासेक ओळींत होईल. सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन कापलेला जोडही हातात घेऊन बघा. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, आपल्या चित्राला "कापून बघितलं काय?" असे स्वतःच विचारणारे कमी, आणि कामाच्या ठिकाणी भरवसा त्यांच्यावरच ठेवला जातो.