उघडलेली जीप

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा मागच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. ताडपत्री उचललीत तर बऱ्याचदा जीप निघते. चाकांच्या जागी विटा, बोनेटखाली इंजिन नाही आणि मागच्या बाकाखाली सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलेले नटबोल्ट. वॉचमनला विचारलं तर तो एवढंच सांगतो, "साहेबांनी हौसेनं आणली होती." ती हौस किती जुनी, हे ताडपत्री किती विटली आहे त्यावरून ओळखायचं.

अशा जीपा पाहून पाहून माझं एक मत पक्कं झालंय. जुनी जीप वय झालं म्हणून मरत नाही, ती उघडली म्हणून मरते. आणली तेव्हा ती धूर सोडत का होईना, स्वतः चालत आलेली असते. मग मालक म्हणतो, करायचंच तर सगळं एकदम करून टाकू. बॉडी उतरते, चासी मोकळी होते. इंजिन एका गॅरेजला जातं, पत्रा दुसरीकडे, सीटा तिसरीकडे. सुरुवातीला रोज फोटो निघतात. मग एक पार्ट मिळत नाही. मग मुलाची दहावी येते, बदली येते, कंबर धरते. ज्यानं ती खोलली त्याला कुठला बोल्ट कुठला, हे फार तर पंधरवडाभर आठवतं. पोत्यावर चिठ्ठी कुणीच लावत नाही.

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे, एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात राबून लिलावात निघालेली. तिला मी ‘रिस्टोर’ वगैरे केलेलं नाही आणि करणारही नाही. पत्र्यावर पोचे आहेत, दाराच्या जागी कॅनव्हास आहे, रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा आहे. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट खोलायची आणि रविवारी संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर परत उभी पाहिजे. तेवढ्यात होण्यासारखं काम नसेल तर ते मिस्त्रींकडे जातं.

जीपची मूळ घडणसुद्धा याच बेताची आहे. १९४१ ते १९४५ या काळात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्या एकीचा पार्ट दुसरीला बसेल अशा. युद्धात गाडी बंद पडली तर ती झाडाखालीच, हाताशी असेल त्या माणसाकडून दुरुस्त व्हायची होती. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीसच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात केली. मग आली उंच बोनेटची सीजे ३बी. तिच्या नव्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट उचलावं लागलं. नाकाड दिसते ती त्यामुळे. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिच्या वंशातल्या गाड्या त्यानंतर कैक वर्षं बनत राहिल्या. पुढे डिझेल आलं ते फ्रान्सच्या प्यूजोचं. एक्सडीपी ४.९० हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार व्हायचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०, एकूण २११२ सीसी.

म्हणजे माझ्या गाडीचा सांगाडा अमेरिकन आणि काळीज फ्रेंच. याचा परिणाम हत्यारांच्या पेटीत दिसतो. इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरचे आणि ॲक्सलचे इंचाचे. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्याला १४ चा पाना बसत नाही. १५ चा बसतो, पण सैल बसतो, आणि जोर लावला की बोल्टच्या डोक्याचे कोपरे जातात. कोपरे गेले की पकड येते, पकडीनं भागलं नाही की छन्नी येते, आणि छन्नीनंतर वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. ३/४ इंचाला १९ चा पाना जेमतेम चालून जातो, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडेच चालेल. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. "साडेचार सुती द्या" म्हटलं की ९/१६ चा पाना हातात ठेवायचा. माझ्याकडे पान्यांचे दोन संच आहेत आणि इंचवाल्या पान्यांच्या दांड्यांवर लाल रंगाचा पट्टा मारलेला आहे. नव्यानं जीप घेणाऱ्याला कुणी एकच सल्ला द्यायला सांगितला तर मी हाच देईन: आधी पाने घ्या, साउंड सिस्टिम नंतर.

आता त्या थरथराटाबद्दल. ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्याला हे माहीत आहे. साधारण पन्नासच्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात जातं आणि स्टिअरिंग हातात थडाथडा नाचायला लागतं, इतकं की दात वाजतात. गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत ते थांबत नाही. मिस्त्री म्हणतात, गाडी वॉबल मारते. यावर बाजारात सोपा उपाय आहे, स्टिअरिंग डॅम्पर. दांडा बसवा, थरथर गायब. मला तो उपाय आवडत नाही. ताप का आला हे न बघता क्रोसिन देण्यातला तो प्रकार आहे. डॅम्परमागे सैल झालेला भाग आणखी सैल होत राहतो आणि एक दिवस घाटात हिशेब मागतो.

खरं कारण बहुधा किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये असतं. ते तपासायची युक्ती मिस्त्रींनी शिकवली. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्यायचा, खाली घोडी लावायची, चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवायचं. खेळ जाणवला, पण कशातला? व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा? तेव्हा घरातल्या कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची प्लेट एकजीव होते, बेअरिंगचा खेळ तेवढ्यापुरता नाहीसा होतो. तरीही चाक हललं तर दोष किंगपिनचा. आमच्याकडे हे काम मुलगी करते. गाडीखालून मी "दाब" म्हणतो, ती "दाबलाय" म्हणते आणि मोबाइलमधून मान वर काढत नाही.

किंगपिनच्या वरच्या टोपीचे चार बोल्ट काढले की खाली शिम निघतात. पोलादाच्या पातळ चकत्या, इंचाचा तीन हजारांश भाग, पाच हजारांश, दहा, तीस. बेअरिंग झिजलं की या चकत्या कमी करून त्याला पुन्हा दाब द्यायचा. पण वरून जेवढं काढाल तेवढंच खालून काढायचं, नाहीतर आतला जॉइंट मध्यावरून सरकतो. किती घट्ट करायचं, याला माप आहे. टाय रॉड सोडवून नकलला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि किती ओढीवर तो हलतो ते वाचायचं. आमचे मिस्त्री काटा वापरत नाहीत. ते मनगटानं फिरवून बघतात आणि म्हणतात, "साहेब, अजून एक कागद काढा." तो ‘कागद’ म्हणजे तीन हजारांशाची चकती. मी काट्यावर ताडून पाहिलंय. मनगट बरोबर निघतं.

हे मिस्त्री घडले वडापच्या जीपांवर. कराड, इस्लामपूर, फलटण या पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना वडाप सांगायला नको. बोनेटवर एक माणूस बसलाय, मागे तिघं लोंबकळताहेत, ड्रायव्हर निम्मा बाहेर बसून चालवतोय, अशी ती जीप. ती एक दिवस उभी राहिली तर मालकाचा हप्ता चुकायचा. म्हणून तिचं सगळं काम रात्री व्हायचं. क्लच प्लेट संध्याकाळी शेवटच्या खेपेनंतर उतरवायची आणि पहाटे पहिल्या एसटीच्या आधी गाडी स्टँडबाहेर लागली पाहिजे. पत्र्याला कुणी हात लावत नव्हतं. इंजिन तापतं का, ब्रेक लागतो का, पाटा तुटलाय का, एवढंच बघायचं. मला वाटतं, हौशी माणसानं जीपची देखभाल शिकावी ती या शाळेत, चकचकीत शोरूममध्ये नव्हे. वडापच्या जीपा गेल्या, त्यांच्या जागी मॅक्स आल्या, ट्रॅक्स आल्या, आता ईको आहेत. मिस्त्रींच्या गॅरेजातही ईकोच उभ्या असतात. ते एकदा म्हणाले, "जीप घेऊन आता फक्त तुमच्यासारखे येतात. आणि सगळे म्हणतात, घाई नाही. मग मी पण घाई करत नाही."

पार्टांचं म्हणाल तर लोक उगाच रडतात. एवढ्या वर्षांत एवढ्या गाड्या बनल्या की नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला, नाहीतर थेट मंडी डबवालीहून काही ना काही मिळतंच. हरियाणाच्या टोकाला असलेल्या त्या गावाचा जुन्या जीपा जोडून विकण्याचा मोठाच धंदा आहे. बेअरिंगच्या बाबतीत तर गाडीचं नावही घेऊ नये. विलीसच्या जुन्या जीपच्या चाकात बसणाऱ्या बेअरिंगवर १८५९० आणि त्याच्या कपवर १८५२० कोरलेलं असतं, किंगपिनच्या बेअरिंगवर ११५९० आणि ११५२०. जुनं बेअरिंग रॉकेलनं धुवायचं, आकडा वाचायचा आणि बेअरिंगच्याच दुकानात जायचं. त्या दुकानदाराला जीप माहीत नसते आणि माहीत असायची गरजही नसते. भीती बाळगायची ती रबराची. व्हील सिलिंडरचे वायसर, मास्टर सिलिंडरचं किट, ऑइल सील हे दुकानाच्या माळ्यावर दहा वर्षं पडून राहिलेले असले तरी खोकं नवंच दिसतं. नखानं दाबून बघा. मऊ लागलं नाही तर परत द्या, भिडेखातर घेऊ नका. जुन्या सीजेमध्ये ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचं रबर फाटलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो.

मोठ्या टायरांबद्दल लिहिणार नव्हतो, पण रविवारी सकाळी मुळशीकडे जाणारी वरात दिसली की राहवत नाही. या जीपांना मुळात ६.००-१६ चे अरुंद टायर होते. कोकणातल्या तांबड्या चिखलात अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. रुंद टायर राड्यावरच घसरत बसतो. शिवाय टायर मोठा झाला की गिअर लांबल्यासारखे होतात, चढाला इंजिन दम टाकतं, आणि ज्या किंगपिनबद्दल वर एवढं लिहिलं त्याच्यावर आणि हाफ शाफ्टवर न सोसणारा भार येतो. कायद्याचा भाग वेगळाच. कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत सांगितलं आहे. तरी वरात निघते. त्यातले काही जण कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मध्ये तो फरक पोटात घेणारा डिफरन्शियल नसतो, सगळा पीळ गिअरांत साठतो. मग लिव्हर निघत नाही म्हणून गाडी थोडी रिव्हर्स घ्यावी लागते. चिखल संपला की पुढची चाकं मोकळी करायची असतात, इतकं साधं आहे ते.

कागदपत्रांची रड मात्र खरी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० केलं, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते आणखी चढवलं, आणि राज्याचा पर्यावरण कर असतोच. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, हे मला मान्य आहे. पण मग धूर मोजा आणि त्यावर ठरवा. वयावर ठरवलं की पंप आणि नोझल नीट ठेवणाऱ्याला आणि न ठेवणाऱ्याला एकच दंड बसतो. पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’चा मान दिला, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं दिली. पण ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. माझी गाडी धड नवीही नाही आणि पन्नाशीचीही नाही. आणि पन्नाशीची झाल्यावर ती फक्त प्रदर्शनात उभी करायची असेल तर तिचं किंगपिन मी कशासाठी सांभाळू?

आता पावसाळा तोंडावर आहे. ओढ्यातून गाडी काढणार असाल तर परत आल्यावर दोन्ही डिफरन्शियलचे तळाचे प्लग थोडे सैल करून बघा. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर किंवा सील पाणी आत ओढून घेतं. ऑइल दुधाळ निघालं तर ते सगळं काढा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. स्प्रिंगच्या शॅकलना आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. माझ्या गाडीचा मागचा क्रॉस गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज करतोय. रविवारी तो बदलायचा म्हणजे आज काढून नाना पेठेत न्यायला हवा. नमुना हातात घेतल्याशिवाय तो दुकानदार क्रॉस देत नाही, आणि साडेसातला शटर ओढतो.