एकट्या पोराने फोन कसा सोडावा?

"सर, याचा फोन तेवढा सोडवा," असं पालक सांगतात तेव्हा मी विचारतो, "याच्या दोस्तांचाही सोडवायचा का?" पालक गोंधळतात. दोस्तांचा इथे काय संबंध? माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत पी.टी. शिकवतो. वर्गात तोंड न उघडणारी पोरं मैदानावर मोकळी बोलतात. रात्री जेवणं झाली की फ्री फायरवर चौघांचा स्क्वाड जमतो. आईने हाक मारली म्हणून एकजण मध्येच उठला, तर उरलेले तिघे हरतात आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्याचा उद्धार होतो. मुलींचं वेगळं. स्नॅपचॅटवर दोघींनी एकमेकींना रोज स्नॅप पाठवला की 'स्ट्रीक' वाढत जाते, खंड पडला की संपते. परीक्षेपुरता फोन काढून घेतला, तर मुलगी मैत्रिणीला पासवर्ड देते आणि "माझी स्ट्रीक सांभाळ गं" म्हणून बजावते. आईला वाटतं, पोरगी फोनला चिकटलीय. पोरगी मैत्रिणीला चिकटलेली असते.

चौदा-पंधराच्या वयात दोस्त म्हणजेच जग. ते जग रात्री फोनवर भरतं. अशा वेळी एकाच घरातला बाप फोन कपाटात ठेवून कुलूप लावतो, तेव्हा पोराला वाळीत टाकल्यासारखं होतं. मग ते चिडतं, जेवत नाही, शेजारच्या घरी जाऊन खेळतं. आपण म्हणतो, "व्यसनी झालाय."

कबड्डीत एकट्याने पकडायला गेलं की चढाईवाला हिसडा मारून निघून जातो, तिथे साखळी लागते. फोनच्या बाबतीत आपण प्रत्येक घराला एकटं सोडलंय. समोर मात्र माणसाचं लक्ष कसं धरून ठेवावं याचाच रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या कंपन्या आहेत. कधीच न संपणारं स्क्रोल आणि एक रील संपण्याआधी तयार असलेली दुसरी, ही काही पोरांच्या संस्कारांतली खोट नव्हे. चाळिशीतल्या बापालाही ते आवरत नाही.

साखळी लागते, हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावाने दाखवलंय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. करोनात शाळा फोनवर भरली आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघरी फिरल्या. माझ्या दृष्टीने यातली खरी गोष्ट दीड तास ही नव्हेच. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, ही आहे. मालिका बघणारी आजी, व्हॉट्सअ‍ॅपवर राजकारण करणारे काका आणि नववीतला पोरगा, तिघेही एकाच वेळी उठतात. त्या वेळात पोराचं काही बुडत नाही, कारण त्याचा स्क्वाडच जमलेला नसतो.

"खेड्यात जमतं, शहरात भोंगा कोण ऐकणार?" हा प्रश्न रास्त आहे. पण शहरात गाव शोधायची गरज नाही. नववीची एक तुकडी पुरे. पोरांचे जवळचे दोस्त बहुतेक तुकडीतलेच किंवा सोसायटीतलेच असतात. तुकडीतल्या सगळ्या पालकांनी मिळून ठरवलं की रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागेल, तर "बाकी सगळ्यांना चालतं, मलाच नाही" हे पोरांचं हुकमी वाक्य निकालात निघतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. जन्मसाल खोटं टाकणारी पोरं तिथेही निघतील. पण नियम सर्वांना एकच, हा त्यामागचा विचार मला पटतो. कायद्याची वाट बघत बसायचं मात्र कारण नाही.

आता आम्हा शाळावाल्यांकडे येतो. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82.2 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तरीही रात्री आठ वाजता वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ टाकायची सवय अनेक शाळांना सुटत नाही. गृहपाठ बघायला उघडलेला फोन तासाभराने बंद होतो. गृहपाठ फळ्यावर लिहा, पोरं वहीत उतरवून घेतील.

दुसरं, मैदान. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण ते संध्याकाळी कुलपात ठेवा असं कुठे लिहिलंय? शाळा सुटली की फाटक बंद. सहामाही जवळ आली की गणिताचे सर माझा तास मागायला येतात, आणि मुलींना तर घरूनच "उशीर नको" म्हणून बोलावणं असतं. पोरांच्या हातातून काही काढून घेताना बदल्यात काही द्यावं लागतं. मैदान सातपर्यंत उघडं ठेवा, एक शिक्षक आणि दोन पालक आळीपाळीने थांबा, मुलींसाठी वेळ राखून ठेवा. खो-खोला नऊ जणी लागतात. तिथेही कुणी मध्येच उठून गेलं तर उद्धार होतोच.

एवढं करूनही काही पोरं सुटणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय, पण त्याची कसोटी कडक आहे: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. पोराची झोप, जेवण, शाळा तिन्ही सुटली असेल, फोन मागितल्यावर ते अंगावर येत असेल किंवा जीव द्यायची भाषा करत असेल, तर वर्षाची वाट बघू नका आणि पी.टी.च्या सरांकडेही आणू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर 2014 पासून फोन आणि गेमच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे. मदत घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांसाठी माझी मागणी साधी आहे. येत्या पालकसभेत पोरांच्या तक्रारी बाजूला ठेवा आणि वेळ ठरवा. किती वाजता फोन बंद होणार, तो कुठे ठेवणार, रविवारी काय, हे पोरांना समोर बसवून, त्यांचंही ऐकून ठरवा आणि वहीत लिहा. खाली आईवडिलांनी सह्या करा. त्या वेळात ग्रुपवर काही पाठवणार नाही, अशी शाळेचीही सही घ्या. पोरांची सही शेवटी.